मनूच्या गावाचा वरून काढलेला फोटो

मी ड्रोन उडवते असं सांगितलं की आपल्या माणसांना पहिल्यांदा लग्नंच आठवतात. मागे ऑकलंडला गेले होते, तेव्हा सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात एका मावशींनी, ओळख ना पाळख, थेट विचारलं, "मग आमच्या केतकीच्या लग्नात वरून शूटिंग करशील का गं?" मी म्हटलं, मावशी, मी नकाशे करते. जमिनीचे, दरडींचे, किनाऱ्यांचे. मावशींचा चेहरा पडला. त्यांना काय बोलायचं, माझ्या सख्ख्या आईलाही पिंपरीत बसून अजून कळलेलं नाही की मी पोटासाठी नेमकं काय करते.

या वेळचं काम होतं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला. मासेमारांची एक वस्ती, मोजकी घरं, रस्ता जात नाही, बोटीनेच जायचं. तिथला किनारा किती खचलाय ते कौन्सिलला (तिथल्या पालिकेला) बघायचं होतं. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. पुढे वाचलंत की का ते कळेल. एवढंच सांगते, की तिथे उभं राहून दक्षिणेला तोंड केलं तर पुढे अंटार्क्टिकापर्यंत घर म्हणून लागत नाही. आणि मी गेले ती ऐन हिवाळ्यात, कारण कौन्सिलवाल्यांना सुचतं ते नेहमी ऐन हिवाळ्यातच.

पामर्स्टन नॉर्थच्या विमानतळावर मिलिंद आणि ओवी सोडायला आले होते. मिलिंद म्हणजे माझा नवरा. त्याने बॅगेत न विचारता चिवड्याचा डबा आणि लसणाची चटणी कोंबली होती. ओवी म्हणाली, "हॅव हीप्स ऑफ फन, ममा." तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून निघतं इंग्रजीच. मी म्हटलं, "मजा करायला चाललेय का मी? गोठायला चाललेय." ती हसली. निघताना मीही हसतच होते, हे आता आठवलं की कसंतरी होतं.

दोन विमानं, मग भाड्याची गाडी, मग एक धक्का. धक्क्याजवळच्या डेअरीत (कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात) चहा घेतला आणि सुकाणूवाल्याची वाट बघत बसले. तो आला: रंगी नावाचा, रुंद खांद्यांचा माओरी माणूस, माझ्याच वयाचा. "किया ओरा," म्हणाला आणि माझ्या पेट्या उचलून बोटीत ठेवायला लागला. एवढंच. मी हवेबद्दल विचारलं, मासळीबद्दल विचारलं, गावात किती माणसं ते विचारलं. हो, नाही, थोडी. मला वाटलं, चला, खडूस माणूस गळ्यात पडला.

समुद्राबद्दल काय सांगू. पोटात होतं नव्हतं ते सगळं त्याच्या स्वाधीन केलं. चिवड्याच्या डब्याकडे बघवेना. रंगीने न बोलता एक बादली पुढे सरकवली आणि माझ्या खांद्यांवर एक जाड रबरी कोट टाकला. काळं पाणी, त्यावर करडं आभाळ, आणि मधूनच एखादा मोठा पांढरा पक्षी पंख न हलवता सोबत करायचा. फोटो काढण्यासारखं खूप होतं, पण कॅमेरा धरायला हात मोकळे नव्हते.

गाव दिसलं तेव्हा दुपार झाली होती. घोड्याच्या नालेसारखी एक छोटी खाडी, मागे काळंभोर जंगल, पुढे पत्र्याच्या छपरांची घरं आणि एक लाकडी धक्का. धक्क्यावर शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचे पिंजरे माणसाच्या उंचीला रचलेले. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या खडकांना केल्प चिकटलेलं, म्हणजे समुद्रातलं जाड शेवाळ. त्याचे चामड्यासारखे लांब पट्टे लाटेबरोबर वरखाली होत होते. आणि सगळ्या बोटी बांधलेल्या. वारा पडलेला, हंगाम शेवंडांचा, आणि एकही बोट बाहेर नाही. मी मासळी खाणारी बाई आहे, एवढं मलाही कळतं. मी विचारलं, "आज सुट्टी आहे का?"

रंगीने इंजिन मंद केलं. "माझा भाऊ हरवलाय," तो म्हणाला. "मनू. धाकटा. परवा त्याची होडी रिकामी सापडली. तेव्हापासून समुद्र बंद आहे."

समुद्र बंद. याला ते राहुई म्हणतात (मनाई, पाण्याने माणूस नेला की ते पाणी पवित्र आणि निषिद्ध होतं, त्यातून काही काढायचं नाही, काही खायचं नाही). वडीलधारी माणसं ती घालतात आणि तीच उठवतात. खडूस म्हटलं होतं त्याला मनात, त्याची लाज वाटली. मग म्हटलं, "मी परत जाते. माझं काम नंतर होईल." तो म्हणाला, "ते आई ठरवेल."

त्याची आई, अरोहा आंटी, धक्क्यावर उभी होती. ठेंगणी बाई, पांढरे केस, अंगावर मुलाचा असावा असा मोठा स्वेटर. तिने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं, आणि हात न सोडता विचारलं, "तुझं यंत्र वर जातं ना?"

"हो."

"मग थांब. हेलिकॉप्टर आलं होतं, ते बाहेरचा समुद्र बघून गेलं. आता त्यांना हवा वाईट होणार म्हणून यायचं नाही. तुझ्याकडे आजची दुपार आहे. माझा मुलगा मला दे."

जिवंत दे असं ती म्हणत नव्हती. या पाण्यात माणूस तासाभराच्या वर टिकत नाही, ते तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. तिला तो पुरायला हवा होता. समुद्रात राहिलेल्या माणसाजवळ बसून रडताही येत नाही, असं ती नंतर मला म्हणाली.

थंडीत ड्रोनच्या बॅटऱ्या माना टाकतात. म्हणून त्या मी नेहमी स्वेटरच्या आत पोटाशी धरून ठेवते. ऑफिसातली मंडळी मला त्यावरून चिडवतात. तशाच त्या घेऊन मी किनाऱ्यावर उभी राहिले. सबंध गाव माझ्या मागे येऊन उभं राहिलं. पंचवीसेक माणसं, पोरंटोरं, दोन कुत्री. मी नेहमीसारखे पट्टे आखले: अंगण झाडतो तसं इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळी खाडी आणि दोन्ही बाजूंचे खडक. एक काळ्या पाठीचा सीगल दोनदा ड्रोनवर झेपावला, एक पंखा मोडून गेला. तो बदलला आणि पुन्हा उडवला. उजेड संपत आला तेव्हा शेवटची बॅटरी खाली आणली. माझी बोटं लाकडासारखी झाली होती.

गावाच्या सभागृहात चूल ढणढणत होती. एक गोष्ट मला विचित्र वाटली. आपल्याकडे घरात मयत असलं की चूल पेटत नाही. इथे दुःख आलं म्हणून चूल विझतच नव्हती. मोठ्या पातेल्यात डुकराचं मांस, बटाटे आणि वॉटरक्रेस (ओढ्याकाठची हिरवी भाजी) उकळत होतं, एक बाई तेलात पाव तळत होती. मासेमारांचं गाव, आणि ताटात मासळी नाही. मी लसणाची चटणी काढली. पोरांनी ती पावाला लावून खाल्ली आणि पाणी पाणी करत पळाली. तेवढंच काय ते हसू झालं.

मी लॅपटॉपवर फोटो जोडायला टाकले. काम संपल्यावर ते जोडलेलं मोठं चित्र सभागृहातल्या टीव्हीवर लावलं. सुंदर आलं होतं, खोटं कशाला बोलू. खाडीचं पाणी काचेसारखं, खडक एकेक मोजून घ्यावेत असे, छपरांवरचे गंजाचे डागसुद्धा दिसत होते. मी आणि रंगी टीव्हीला नाक लावून सगळा किनारा शोधत गेलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा. काही नव्हतं.

"खाडीत नाहीये तो," मी म्हटलं.

रंगीने मान हलवली. "मग उद्या पहाटे मी भूशिराच्या पलीकडे जातो." पलीकडे म्हणजे उघडा समुद्र, आणि वादळ येणार हे सगळ्यांना माहीत. कोणी त्याला अडवलं नाही. आंटीने फक्त डोळे मिटून घेतले. एक मुलगा गेलेला, दुसरा निघालेला.

मग ती उठून टीव्हीजवळ आली. चष्मा लावून तिने चित्र नीट बघितलं. आपलं घर बघितलं, धक्का बघितला, रेती बघितली. आणि विचारलं, "आम्ही कुठे आहोत?"

"म्हणजे?"

"आम्ही सगळे इथे उभे होतो ना, तुझ्या मागे. कुत्रीपण. यात किनारा रिकामा आहे."

मला कौतुकाने सांगायची खोडच आहे. मी लगेच सुरू झाले. म्हटलं, आंटी, हा एक फोटो नाही, शेकडो फोटो जोडलेले आहेत. प्रत्येक जागा आठ-दहा फोटोंत येते. सगळ्या फोटोंत जे जागच्या जागी असतं तेच सॉफ्टवेअर ठेवतं. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, ते खोटं धरून पुसून टाकतं. तुम्ही उभे होतात पण हलत होतात, येत-जात होतात, म्हणून तुम्ही गेलात. नकाशात हलणाऱ्या गोष्टी नकोच असतात, गाड्या, माणसं, लाटांवर तरंगणारी...

तिथे माझी जीभ थांबली.

आंटी माझ्याकडे बघत होती. रंगी बघत होता. चुलीजवळच्या बाईने झारा खाली ठेवला. इतकी वर्षं हे काम करते मी. स्वच्छ पाणी, स्वच्छ रस्ते, लोक वाहवा करतात. पाण्यावर तरंगणारं माणूस प्रत्येक लाटेबरोबर हलतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी शोधायला उडवला ड्रोन, आणि सवयीने नकाशा केला.

"मूळ फोटो आहेत माझ्याकडे," मी म्हटलं. "एकेक बघू या."

जेवणं तशीच राहिली. टीव्हीवर मी एकेक फोटो पुढे ढकलत होते आणि सगळं गाव जमिनीवर बसून बघत होतं. पाणी. पाणी आणि केल्प. खडक. पुन्हा पाणी. एका ठिकाणी आम्ही सगळे दिसलो, मुंग्यांएवढे, वर बघणारे. पोरं एरवी ओरडली असती, कोणी ओरडलं नाही. उजवीकडच्या खडकांचे फोटो सुरू झाले आणि आंटी म्हणाली, "थांब."

केल्पच्या काळ्या-तपकिरी पट्ट्यांत दोन पांढरे ठिपके होते, शेजारी शेजारी.

"त्याचे गमबूट," ती म्हणाली. "पांढरे. मासळी साफ करताना घालतो."

मी मोठं करून दाखवलं. एका पुढे आलेल्या खडकाखाली, केल्पमध्ये अडकलेला, अंगातल्या गडद निळ्या तरंगत्या जाकिटामुळे अर्धा वर. पुढच्या फोटोत बूट जरा डावीकडे होते. त्याच्या पुढच्यात जरा उजवीकडे. आंटीने मला ते तिन्ही फोटो पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ती अगदी हळू म्हणाली, "हलतोय."

मी रडले. मला आवरलंच नाही. माझं तिथे काय होतं, ना नातं ना गोतं. पण माझी ओवी डोळ्यांसमोर आली आणि मी रडले. आंटी नाही रडली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि रंगीला म्हणाली, "उद्या भूशिराकडे नाही जायचं."

दिवस उजाडताच रंगी आणि गावातले आणखी दोघे होडी घेऊन त्या खडकाशी गेले. वारा सुटला होता, पण खाडीच्या आत अजून दम धरून होता. आम्ही किनाऱ्यावर उभ्या होतो. केल्प कापायला वेळ लागला. ते पट्टे हाताच्या दंडाएवढे जाड असतात. मग रंगीने एक हात वर केला. सगळ्या बायकांनी एकदम एक लांब, उंच सूर लावला. तो सूर मी इथे लिहून दाखवू शकत नाही. मी कानावर हात ठेवले नाहीत एवढंच.

त्यानंतर वादळ आलं आणि मी अडकले. पोलिसांची लाँच मनूला त्याआधीच घेऊन गेली होती, तपासण्या वगैरे असतात. वादळ शमलं तेव्हा तो परत आला, पेटीतून. सभागृहात त्याला ठेवलं आणि टांगी सुरू झाली (मयताभोवतीचं जागरण, त्याला एक क्षणही एकटं सोडायचं नाही). दुसऱ्या गावांतून बोटी आल्या. लोक पेटीजवळ बसून त्याच्याशी बोलायचे, त्याला रागवायचे, त्याच्या फजित्या सांगून हसायचे आणि हसता हसता कोसळायचे. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलले, भांडी घासली. ते काम मला झेपत होतं. मिलिंदचा फोन आला, "अगं, तू ठीक आहेस ना? जेवतेस ना?" मी म्हटलं, "जेवतेय. इथे जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही." आणि फोन ठेवला.

आंटीने मला विचारलं, "तुमच्यात काय करतात?" मी सांगितलं, आम्ही जाळतो. माझे वडील सकाळी गेले, दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. बुद्धवंदना झाली, उचललं, झालं. मी विमानात होते. ती माझ्या शेजारी बसून बटाटे सोलायला लागली. मग म्हणाली, "फार घाई करता गं पोरी."

पुरायच्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. मी पेट्या भरत होते.

"तुझ्या यंत्राने माझ्या पोराला पुसलं," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात, हिशेबाचं बोलावं तसं बोलली. "आता त्याला परत त्यात घाल. आम्हा सगळ्यांना घाल. न हलता उभं राहिलं तर येतो ना आम्ही?"

"येता. पण सगळी फेरी होईपर्यंत उभं राहावं लागेल. अजिबात न हलता."

रंगीला ते पसंत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या डोक्यावरून काही न्यायचं नसतं, असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं, त्यांच्यात डोकं सगळ्यांत पवित्र. आंटीने त्याच्याकडे बघितलं. "इतके दिवस त्याच्या डोक्यावरून सीगल फिरत होते. त्यांना कोणी विचारलं?" मग रंगीनेच पेटीचं पुढचं टोक उचललं.

त्यांनी मनूला रेतीवर आणलं, जिथे तो होडी ओढून ठेवायचा तिथे. खाली चटई घातली, वर पेटी ठेवली. भोवती सगळे उभे राहिले, म्हातारे, बायका, पोरं. कुत्र्यांना दोघांनी उचलून घेतलं. मी पोटाशी धरलेल्या बॅटऱ्या काढल्या. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी आपोआप यावं. आंटी पेटीच्या डोक्याशी, एक हात झाकणावर. मी ड्रोन वर नेला आणि पट्टे सुरू केले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कोणी खोकलंसुद्धा नाही. एका लहान मुलीने नाक पुसायला हात उचलला, तर शेजारच्या बाईने तो हळूच धरून ठेवला. शेवटच्या पट्ट्याला पाऊस लागला, तरी कोणी हललं नाही. मी ड्रोन उतरवला, मान हलवली, तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला. मग त्याला उचलून टेकडीवर नेलं. तिथे ड्रोन न्यायचा नाही हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

परतीच्या बोटीत रंगी बोलत होता. मनू लहानपणी कसा होता, कुठल्या खडकावरून उड्या मारायचा, काय काय. राहुई आणखी थोडे दिवस राहील, मग वडीलधारे पाण्याशी बोलून उठवतील, असं म्हणाला. समुद्र शांत होता. मला उलटी झाली नाही.

घरी आल्यावर दोन दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. ऑफिसातून कौन्सिलसाठी पहिलं चित्र गेलं, रिकाम्या किनाऱ्याचं. त्यांना ते फार आवडलं म्हणे. किती स्वच्छ, किती नेमकं. बरोबरच आहे, त्यांना किनारा हवा होता, किनारा मिळाला. हे काम मी पुढेही करणार आहे, पोट आहे. पण वरून बघितलं की सगळं दिसतं असं जे मी लोकांना इतकी वर्षं सांगत आले, ते आता माझ्या तोंडातून निघत नाही. वरून जे टिकून राहतं तेवढंच दिसतं, आणि माणूस काही टिकून राहणारी वस्तू नाही.

दुसरं चित्र मी घरीच जोडलं, आणि आंटीला पाठवण्याआधी बघितलं. सगळे आले होते. पण माणूस किती म्हटलं तरी श्वास घेतो, गारठतो, रडतो. रंगीचे खांदे धूसर होते. लहान मुलीला हातच नव्हता. आंटीचा चेहरा वाऱ्याने उडालेल्या केसांत विरघळून गेला होता. सगळ्यांच्या मध्ये फक्त पेटी होती, कडा न कडा स्पष्ट, झाकणावर कोरलेल्या फुलांच्या पाकळ्या मोजता येतील इतकी.

त्याच संध्याकाळी आंटीचा फोन आला.

"बघितलं गं," ती म्हणाली. "आम्ही सगळे भुतांसारखे दिसतोय. पण मनू छान आलाय."

मी "हो" म्हटलं.